आतड्याच्या कॅन्सरची तपासणी आणि तिचा विमा: सांगली-मिरजेत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तासगावकडच्या माझ्या दादाला दोन वर्षं संडासवाटे रक्त पडत होतं आणि दोन्ही वर्षं सगळ्यांनी त्याला एकच नाव दिलं होतं: मूळव्याध. छाटणीच्या दिवसांत उन्हात उभा राहतोस, उष्णता वाढली, तिखट कमी कर, ताक पी, इसबगोल घे. ‘मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज’ अशी पाटी असलेल्या एका ठिकाणाहून त्यानं पुड्याही आणल्या. एकानंही हातमोजा घालून तपासलं नाही. हिमोग्लोबिन सातवर आलं तेव्हा मिरजेत दुर्बीण झाली आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. दादा तेव्हा ५१ वर्षांचा.

ऑपरेशन झालं, केमो झाली, दादा आज बागेत उभा आहे. पण त्याच्या डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी मलाच विचारलं, “तुम्ही भावंडं किती? तुमची तपासणी झाली?” मी ४६ वर्षांची. सांगलीत सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका काढणं हे माझं रोजचं काम. तरी या तपासणीच्या आणि विम्याच्या कागदांत मी पार गोंधळले. तो गोंधळ तुमचा होऊ नये म्हणून हे क्रमानं लिहिते. मी डॉक्टर नाही. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

१. आधी ठरवा: तुम्ही कुठल्या रांगेत आहात?

इथं दोन रांगा आहेत आणि पुढचं सगळं, विम्यासकट, यावरच ठरतं.

पहिली रांग त्रास असलेल्यांची. संडासवाटे रक्त, काही आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना उतरलेलं वजन, पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी होऊन आलेला ॲनिमिया. यातलं काही असेल तर तुम्हाला ‘स्क्रीनिंग’ नको, निदान हवं. थेट पोटविकारतज्ज्ञ किंवा सर्जन गाठा. आणि हो, मूळव्याध असलेल्या माणसालाही आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. एक सापडलं म्हणून दुसरं नाही, असं नसतं.

दुसरी रांग काहीच त्रास नसलेल्यांची. स्क्रीनिंग म्हणजे हीच. हा कॅन्सर बहुतेक वेळा आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेल्या मांसाच्या छोट्या कोंबातून, म्हणजे पॉलिपमधून तयार होतो आणि त्याला साधारण दहा वर्षं लागतात. कोंब असतानाच काढला तर त्यातून कॅन्सर होत नाही. म्हणून तर ही तपासणी करायची.

वयाचं गणित असं. घरात कुणाला नसेल तर अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना २०२१ पासून ४५ ते ७५ हे वय सांगतात. आधी सुरुवात ५० ला होती. आईवडील, सख्खं भावंड किंवा मूल यांपैकी कुणाला झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांना निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल ते. दादाला ५१ ला निघाला, म्हणून माझं वय ४० धरायचं. म्हणजे मी सहा वर्षं उशिराच होते. घरात दोन-तीन जणांना झाला असेल, फार तरुणपणी झाला असेल, किंवा आतड्यासोबत गर्भाशयाचाही कॅन्सर असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा; तिथं आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो आणि तपासण्या वारंवार होतात.

एक गैरसमज इथंच काढून टाका. आशाताई ३० वर्षांपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरून नेतात, त्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी आहे. आतड्याची नाही. आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, म्हणून देशपातळीवर त्याचा कार्यक्रम नाही. “आमची सगळी तपासणी झालीय” असं माझ्या जाऊबाई याच फॉर्मवरून सांगत होत्या.

२. कोणती तपासणी?

सोपी आहे ती शौचाची. लॅबमध्ये ‘फिट’ म्हणून मागा. जुनी ‘ऑकल्ट ब्लड’ तपासणी वेगळी. तिला आधी मटण वगैरे बंद ठेवावं लागतं. फिट फक्त माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे पथ्य नाही. दरवर्षी करायची. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीचं रक्त पडत असताना नमुना देऊ नका. भारतीय बैठकीच्या संडासात नमुना पाण्यात पडू न देणं ही खरी कसरत. मी आत वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली. नमुना त्याच दिवशी लॅबला द्या. एप्रिल-मे महिन्यात डिकीत ठेवून बाजार करून मग लॅबला, असं करू नका. उष्णतेनं रक्ताचा अंश खराब होतो आणि असलेलं रक्त रिपोर्टात ‘नाही’ येतं.

फिट पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर नव्हे. पण मग दुर्बीण करावीच लागते. इथं लोक हमखास चुकतात: पुन्हा एकदा फिट करतात, ती निगेटिव्ह येते आणि पेढे वाटतात. कोंबातून रक्त रोज येत नाही, एवढंच त्याचं कारण.

दुसरी म्हणजे कोलोनोस्कोपी, आपल्या भाषेत ‘खालून दुर्बीण’. सगळं मोठं आतडं दिसतं, कोंब दिसला तर तिथल्या तिथं काढता येतो, आणि सगळं नीट असेल, घरात इतिहास नसेल, तर पुन्हा दहा वर्षांनी. माझ्यासारख्यांना साधारण पाच वर्षांनी. जवळच्या नात्यात कॅन्सर असेल तर फिटवर वेळ घालवू नका, थेट हीच. सीटी स्कॅनवरूनही आतडं बघता येतं, पण त्यात काही दिसलं तर शेवटी दुर्बीण आलीच.

खर्च आधी विचारा, आणि विचारताना चार गोष्टी वेगळ्या विचारा: दुर्बीण, भूल, कोंब निघाला तर तो काढण्याचा चार्ज, बायोप्सी म्हणजे काढलेल्या तुकड्याची लॅबमधली तपासणी. मला फोनवर सांगितलेला आकडा आणि बिलाचा आकडा यात जवळजवळ दुपटीचा फरक पडला, आणि त्यात फसवणूक काही नव्हती. मी एकच प्रश्न विचारला होता.

३. विमा कधी देतो आणि कधी नाही

माझा भाचा अमेरिकेत असतो. त्यानं फोनवर सांगितलं, “मावशी, हे फ्री असतं.” त्याच्याकडे असतं, तिथल्या कायद्यानं बहुतेक विमा योजनांना ४५ ते ७५ वयाच्या लोकांच्या या तपासणीचा खर्च द्यावा लागतो. आपल्याकडे असा नियम नाही. त्याच्या भरवशावर मी क्लेम टाकला आणि तो परत आला.

तुमच्या पॉलिसीचं पुस्तक काढा आणि ‘एक्सक्लूजन’ म्हणजे वगळलेल्या गोष्टींचं पान उघडा. कोड ‘एक्सक्ल ०४’ शोधा. हे कलम सगळ्या कंपन्यांच्या आरोग्य विम्यात जवळजवळ शब्दशः सारखं असतं. अर्थ असा: मुख्यतः तपासणीसाठीच दाखल झाला असाल तर पैसे नाहीत. म्हणजे त्रास नसताना केलेली आणि काहीच न सापडलेली दुर्बीण साध्या पॉलिसीत बसत नाही. काही ठिकाणी “एक रात्र ॲडमिट दाखवू” असं सुचवतात. त्याला हो म्हणू नका. हे कलम तरीही लागतं, आणि खोटं उघड झालं तर पॉलिसीच रद्द होऊ शकते.

मग मिळतं कधी?

कोंब काढला तर. तेव्हा ती नुसती तपासणी राहत नाही, उपचार होतो. पॉलिसीत ‘डे केअर’ असेल तर २४ तास दाखल असण्याची अट त्याला लागत नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर तसं लिहिलेलं हवं. माझ्या कागदावर फक्त ‘स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी’ होतं, सहा मिलिमीटरचा कोंब काढूनसुद्धा! हॉस्पिटलचा दोष एवढाच की छापील नमुना न बदलता सही झाली. मी न वाचता घेतला, हा माझा.

कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं तर. बहुतेक पॉलिसींत दाखल होण्याआधीचे ३० किंवा ६० दिवस धरलेले असतात. त्या मुदतीतली दुर्बीण, बायोप्सी, सीटी, रक्ताच्या तपासण्या त्याच आजाराच्या म्हणून मागता येतात. म्हणून पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल ठेवा. फोनवर आलेली लॅबची पावती प्रिंट करून ठेवा.

वार्षिक आरोग्य तपासणीचा लाभ असेल तर त्यातून फिट निघू शकते; दुर्बीण सहसा त्या मर्यादेत मावत नाही. ओपीडी कव्हर, म्हणजे दाखल न होता केलेल्या खर्चाचा विमा, घेतलं असेल तर तेही बघा. नोकरीच्या ग्रुप पॉलिसीत मालकानं काय घेतलंय त्यावर असतं; एचआरकडून लेखी मागा. आणि प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडली असेल तर ‘८०डी’ म्हणतात त्या वजावटीत प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, स्वतःचे, जोडीदाराचे, मुलांचे, आईवडिलांचे मिळून. ही एक गोष्ट रोख भरली तरी चालते. पावती मात्र हवी.

आता सगळ्यात वाईट सापळा. दवाखान्यात हिस्टरी लिहून घेणारा मुलगा विचारतो, “कधीपासून त्रास?” आपण अंदाजे म्हणतो, “झाली की दोन-तीन वर्षं.” तो लिहितो ‘तीन वर्षांपासून’. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची असेल तर कंपनी म्हणणार, आजार आधीचाच. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा, म्हणजे त्याचे पैसे न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, आता जास्तीत जास्त ३६ महिने असते. पूर्वी ४८ होती. पॉलिसी सलग ६० महिने चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण सांगून क्लेम नाकारता येत नाही. खोटं सांगू नका, पण अंदाजही ठोकू नका. नेमकं आठवून सांगा आणि लिहिलेलं वाचून बघा. उलट बाजूनं, क्लेम बसावा म्हणून नसलेलं रक्त लिहून घेऊ नका. तोच कागद पुढच्या क्लेमच्या वेळी तुमच्यावर उलटतो.

विमाच नसेल आणि घ्यायचा असेल तर तब्येत चांगली असताना घ्या. फॉर्मवर कुटुंबाचा इतिहास विचारला तर भावाचा कॅन्सर लिहा, कोंब काढला असेल तर तोही लिहा. पण विमा मिळेपर्यंत तपासणी लांबवणं हा वेडेपणा. रक्त पडत असेल तर अजिबातच लांबवू नका. ‘क्रिटिकल इलनेस’ म्हणजे गंभीर आजार निघाला की ठरलेली रक्कम देणाऱ्या पॉलिसीवरही भिस्त नको. तिच्या व्याख्येत फक्त पसरू लागलेला कॅन्सर येतो, कोंब किंवा अस्तरातच असलेला सुरुवातीचा कॅन्सर नाही.

४. खासगी विमा नसेल तर

दादाकडे विमा नव्हता, केशरी रेशनकार्ड होतं. त्याचं ऑपरेशन सरकारच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झालं. योजना आता सर्व रेशनकार्डधारकांना आहे, पांढरं कार्डही चालतं, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून उपचारांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधार घेऊन जा.

लक्षात ठेवायचं ते हे: योजना कॅन्सरच्या उपचाराची आहे, त्रास नसताना करायच्या दुर्बिणीची नाही. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये शिरलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधा; टोल फ्री १५५३८८. मंजुरी येण्याआधी पैसे भरून मोकळे होऊ नका, ते परत मिळवणं कर्मकठीण.

आमचे तीन दिवस नावात गेले. रेशनकार्डावर ‘आण्णासो’, आधारवर ‘अण्णासाहेब’. हे आपल्या भागात घरोघरी आहे. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं, हे दुसरं. आजारी पडायच्या आधी, आज, दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापली जात असेल, कुपवाडच्या एमआयडीसीत बऱ्याच जणांची जाते, तर आधी त्यांच्या दवाखान्यातून रेफर घ्या. आणि ज्यांना कुठल्याच दारात जाता येत नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत विचारावं. सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही हाताशी आहेत. वान्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातले लोकही मिरजेला येतात, आपल्याला तर दहा किलोमीटर.

५. फाइलमध्ये काय हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख आणि कारणासह
- आधार, रेशनकार्ड, पॉलिसीचं कार्ड किंवा नंबर
- नातेवाइकाला कॅन्सर झाला असेल तर त्याचा बायोप्सी रिपोर्ट. “भावाला होता” यापेक्षा या एका कागदाचा जास्त उपयोग
- चालू औषधांची यादी, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, लोहाच्या गोळ्या
- रद्द केलेला चेक, क्लेमसाठी
- सगळ्याच्या दोन झेरॉक्स. दवाखान्याबाहेरच्या झेरॉक्सवाल्याची रांग दुर्बिणीच्या रांगेपेक्षा मोठी असते.

६. पोट साफ करणं: इथंच बाजी जिंकता किंवा हरता

दुर्बिणीची भीती सगळ्यांना वाटते. खरा त्रास आदल्या दिवशीचा आहे. पोट नीट साफ नसेल तर डॉक्टरांना कोंब दिसत नाही, तपासणी पुन्हा करावी लागते आणि पैसे पुन्हा.

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. म्हणजे आपलं सगळं आवडतं बंद: ज्वारीची भाकरी, मेथी, मटकी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, पेरू, डाळिंब, आणि तासगावात बसून द्राक्षंसुद्धा. मऊ भात, गाळलेलं वरण, दही, इडली चालते. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, गाळलेलं सूप, कोरा चहा. कोकम सरबत आणि बीट नको. आतड्यात तो रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि इन्शुलिनचं स्वतःच्या मनानं काही करू नका.

मग पोट साफ करायची पावडर, दोन लिटर पाण्यात कालवून. निम्मी आदल्या संध्याकाळी आणि निम्मी सकाळी, असं दोन भागांत घेतली की पोट जास्त स्वच्छ होतं. चव खारट आणि चिकट. फ्रिजमध्ये गार करून, नाक दाबून, मध्ये लिंबू चाटत घेतली तर उतरते. शेवटी निघणारं पाणी पिवळसर आणि आरपार हवं.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडून येणाऱ्यांना कळकळीनं सांगते: सकाळचा डोस घेऊन एसटीत बसू नका. मुक्कामाला या. सांगलीत पाहुणे नाहीत असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि संडास घरात असलेलेच पाहुणे निवडा.

७. त्या दिवशी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

सोबत एक माणूस न्या. भूल दिली तर २४ तास गाडी चालवायची नाही, सह्या करायच्या नाहीत. आत अर्धा-पाऊण तास. मला आठवतंय ते फक्त नर्सबाईंचं “कुशीवर व्हा”. नंतर गॅसनं पोट गच्च वाटतं, तो पास झाला की बरं. आतड्याला छिद्र पडणं फार क्वचित घडतं, पण जोराचं पोट दुखलं, ताप आला, रक्त थांबेना, तर रात्र असो की पाऊस, परत जा.

रिपोर्टात तीन गोष्टी बघा. दुर्बीण ‘सीकम’पर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का. पोट किती साफ होतं. बोस्टन स्केल लिहिला असेल तर ९ पैकी किमान ६, आणि आतड्याच्या तिन्ही भागांना किमान २ हवेत. कोंब निघाला तर किती, केवढा, पूर्ण काढला का. बायोप्सीत ‘ॲडिनोमा’, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणारा कोंब, आला तर घाबरू नका, पण पुढची तारीख त्यावर ठरते: एक-दोन छोटे असतील तर बरीच वर्षं सवड, दहा मिलिमीटर किंवा मोठा असेल तर साधारण तीन वर्षं. तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

निघण्याआधी, काउंटरवरच, डिस्चार्ज समरी वाचा. कोंब काढला असेल तर ‘पॉलिपेक्टोमी’ हा शब्द, भूल, वेळ, बायोप्सीला पाठवल्याची नोंद. नसेल तर तिथंच दुरुस्त करून मागा. दुसऱ्या दिवशी तीच सही मिळवायला मला चार चकरा पडल्या.

८. क्लेम नाकारला तर

ठरवून करायचा उपचार असेल तर कंपनीला दोन-तीन दिवस आधी कळवा. कॅशलेसचा निर्णय तासाभरात द्यावा, असा २०२४ पासून विमा नियामकाचा, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. तरीही नकार आला तर तोंडी ऐकून घेऊ नका. कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. मग दुरुस्त समरी, बायोप्सी रिपोर्ट आणि बिलाची फोड लावून कंपनीच्याच तक्रार विभागाला ई-मेल करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, फोन १५५२५५, आणि त्यानंतर विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे विमा लोकपाल. सांगली-साताऱ्यासाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा.

मला पुण्यापर्यंत जावं लागलं नाही. दुरुस्त कागद गेल्यावर कोंब काढण्याचा आणि बायोप्सीचा खर्च मिळाला, सल्ल्याची फी आणि पावडरचे पैसे कापले. धाकट्या भावाची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. मुक्काम माझ्याकडेच, लिंबं आणून ठेवलीत.